मात्सुला प्रोटीन कमी पडतंय

१९ नोव्हेंबर, रविवार
हंगामातली पहिली शिकार. रानडुक्कर शून्य. माझी कुत्री मात्सु डोंगरात सोडली, ती तीनशे मीटर गेली आणि माझ्याकडे परत आली. पुन्हा सोडली, पुन्हा परत. असं सात वेळा. वर एक डुक्कर होतं. ते आरामात निघून गेलं.

आमच्या टोळीचे म्होरके तामाकीदादा सगळ्यांसमोर म्हणाले, ओकुनो, मार्चपर्यंत बघतो. कुत्री अशीच माघारी येत राहिली तर पुढच्या वर्षी हाकारा चिझुरु करेल, तू खाली रस्त्याकडेला बस.

एकतीस वर्षं हाकारा मी करतोय. कुत्रा घेऊन वर चढायचं, डुक्कर उठवायचं, खालच्या बंदूकवाल्यांच्या पुढ्यात आणायचं. रस्त्याकडेला बसतात ते ज्यांना चढवत नाही ते. थर्मास घेऊन.

घरी आल्यावर मात्सुच्या पट्ट्यातल्या जीपीएसचा नकाशा नीट पाहिला. दर वेळी तीनशे मीटरलाच वळते. म्हणजे तिथे टाकी रिकामी होते. तिचं डॉग फूड स्वस्तातलं, प्रोटीन फक्त २१ टक्के. सहा वर्षांची किशू जातीची कुत्री त्यावर किती धावणार? साधं गणित आहे. तामाकीदादांना गणित कधीच जमलं नाही.

२१ नोव्हेंबर
३० टक्केवालं आणलं. बायको, किनुए, म्हणाली, अहो, माझ्या वडिलांच्या कुत्र्यांनी जन्मभर भात आणि मिसोचं सूप खाऊन डुकरं धरली. मी म्हणालो, तेव्हाची डुकरं वेगळी होती. तिने तांदूळ धुवायला घेतले. पटलं असावं.

पिशवीवर लिहिलंय की जुन्या खाद्यात थोडं थोडं मिसळत दहा दिवसांत बदल करा. हे शहरातल्या, सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांसाठी. एकदम बदललं.

२२ नोव्हेंबर
मात्सुला जुलाब. पाणी बाधलं असेल. झऱ्याचं पाणी आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या तेच आहे, पण पाण्याचं काही सांगता येत नाही.

२६ नोव्हेंबर, रविवार
तीनशे मीटर.

३ डिसेंबर, रविवार
चूक सापडली. आपण तिला उपाशी पोटी नेत होतो. आज पहाटे दोन वाट्या भरून घातल्या. घाटाच्या तिसऱ्या वळणावर मात्सुने गाडीत सगळं तामाकीदादांच्या बुटात ओकलं. त्यांनी बूट काढून ठेवला नसता तर भरला नसता.

चिझुरु म्हणाली, काका, शिकारीच्या सकाळी काही घालायचं नसतं, संध्याकाळी घरी आल्यावर पोटभर घालायचं. ही शेतकी सोसायटीत नोकरी करते, वय चाळीस, शिकारीत येऊन हिला चार वर्षं झाली. मी म्हणालो, मला ठाऊक आहे, मी प्रयोग करत होतो. तामाकीदादा म्हणाले, पुढचा प्रयोग स्वतःच्या बुटात कर.

१७ डिसेंबर, रविवार
रावस माशाचं, ३४ टक्के. अंतर: तीनशे मीटर. मधल्या चढावर मी तीनदा थांबलो. गुडघ्याचा संबंध नाही. डावपेच होता.

२ जानेवारी
संकल्प. एक, मात्सु या महिन्यात पाचशे मीटर जाणार. दुसरा संकल्प सुचला की लिहीन.

१० जानेवारी
जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मात्सुचं वजन साडेसतराचं एकोणीस किलो आठशे झालंय. बाई म्हणाल्या, कुत्री ठणठणीत आहे, थोडी सुटलीय एवढंच. मग माझ्या चालण्याकडे बघून म्हणाल्या, आणि तुम्ही कसे आहात? मी म्हणालो, विषय कुत्रीचा चाललाय.

आता हरणाच्या मांसाचं, ३८ टक्के. बाईंना न विचारता घेतलं. विचारलं की नको म्हणतात.

२१ जानेवारी, रविवार
अडीचशे मीटर. पन्नास मीटर कमी. पण आकडा हलला. दोन महिन्यांत पहिल्यांदा हलला. म्हणजे खाद्याचा परिणाम होतोय हे सिद्ध झालं. आता फक्त दिशा बदलायची.

२४ जानेवारी
मात्सु तोंड लावत नाही म्हणून चवीत काही गडबड आहे का ते स्वतः पाहिलं. चार दाणे खाल्ले. मिठाचा पत्ता नाही. बाकी भातावर घेऊन चालेल.

७ फेब्रुवारी
पडवीत पाच पिशव्या आहेत, पाचही फोडलेल्या. त्यांच्याकडे बघत बसलो. किती वेळ ते माहीत नाही. वाईट वाटत नव्हतं. बरंही वाटत नव्हतं. किनुएने हाक मारली, जेवलो. काय होतं ताटात ते आठवत नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
दोनशे मीटर. तामाकीदादांनी मला संत्रं सोलून दिलं. तामाकीदादा कोणाला संत्रं सोलून देत नाहीत.

२८ फेब्रुवारी, बुधवार
किनुएच्या हट्टापायी शिंगू शहरातल्या हॉस्पिटलात गुडघा दाखवायला गेलो. नेमकी आजच शिकार. मात्सुला चिझुरु घेऊन गेली. मी सांगितलं होतं, दोनशे मीटरवर वळेल, मनाला लावून घेऊ नकोस.

संध्याकाळी घरी येतो तर अंगणात चिझुरु. मात्सु दोन किलोमीटर शंभर मीटर गेली. एकटीने चाळीस मिनिटं डुक्कर अडवून धरलं. ब्याण्णव किलोचं. वाटणीत कुत्र्याचाही एक वाटा असतो, तो कुत्र्याला वर नेणाऱ्याचा. इतकी वर्षं माझा असायचा. चिझुरुने तो माझ्याकडेच आणून दिला. नको म्हणालो, तर ठेवून गेली. कच्चं डुक्कर कुत्र्याला चालत नाही, म्हणून उकडून घातलं.

रात्री ९:१०
३८ टक्के! अंगी लागायला सात आठवडे लागतात एवढंच. किनुएला सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, अहो, नवीन वर्षापासून मी तिला भात आणि सूपच घालतेय. तुमचे दाणे ती खात नव्हती, कोंबड्यांना टाकले.

कोंबड्या अंडी बरी देतायत, हे खरं आहे.

३ मार्च, रविवार
तामाकीदादा म्हणाले, आज रस्त्याकडेला बस, एकदा बघू. बसलो. थर्मास नेला नाही. मात्सुला घेऊन चिझुरु वर गेली.

दहा मिनिटांत वॉकी-टॉकीवर चिझुरुचा आवाज, काका, ती खाली यायला लागलीय. मग संत्र्यांच्या बागेतला कोणीतरी ओरडला, पांढरी कुत्री गेली. मग मात्सुच आली. दीड किलोमीटर, दोन ओढे, एक कुंपण. मला सगळीकडून हुंगलं आणि माझ्या पायावर बसली. डुक्कर पलीकडून उतरून गेलं.

तामाकीदादा गाडीतून उतरले. ओरडले असते तर बरं झालं असतं. शेजारी बसून म्हणाले, ओकुनो, गेल्या वर्षी तू घळीत पडलास. आम्हाला सापडेपर्यंत चार तास ही तुझ्या अंगावर पडून भुंकत होती. तेव्हापासून डोंगरात ही डुक्कर शोधत नाही रे. तू उभा आहेस ना, ते बघायला येते.

मी म्हणालो, पडलो नव्हतो, बसलो होतो. ते म्हणाले, बरं, बसला होतास. पण तू डोंगरात असलास तर ती येणार आणि रस्त्यावर असलास तरी येणार. कुत्री चांगली आहे, तिची आणखी तीन-चार वर्षं आहेत. पुढच्या रविवारी तू गावातच नको थांबूस.

रस्त्याकडेची जागासुद्धा नाही. मी बरं म्हणालो. मात्सु माझ्या पायावरून उठत नव्हती. पायाला मुंग्या आल्या.

१० मार्च, रविवार, दुपारी १:४०, शिंगू, बसस्टँड
हंगामातली शेवटची शिकार. मी सकाळच्या बसने इथे आलो. मात्सु दाराशी उभी होती. तिला बसचं कळत नाही.

रविवारी हॉस्पिटल बंद असतं. नदीपर्यंत जाऊन आलो. नूडल्स खाल्ले. समोरच्या दुकानात कुत्र्यांचं खाद्य आहे, आत गेलो नाही. डॉग फूडचा काही संबंध नव्हता. तिला काहीच कमी पडत नव्हतं.

आत्ता किनुएचा मेसेज आला. दोन डुकरं. मात्सु अडीच किलोमीटर गेली, एकदाही मागे वळली नाही.

हेच तर हवं होतं. आनंद व्हायला हवा. झाला असेल.

उठून फलाटाच्या टोकापर्यंत चालून आलो. गुडघा दुखतो. पहिल्यापासून दुखतोय. बस साडेचारला आहे.