खालच्या खोलीतील एकतीस जानेवारी

सोम., ४ फेब्रु. अहेरी.
कार्यालयाच्या तळमजल्यावरील संगणकाने (यापुढे 'कनिष्ठ') माडीवरील अस्मादिकांच्या संगणकाशी ('ज्येष्ठ') असहकार पुकारला आहे. वनहक्काचे दावे कनिष्ठावर स्कॅन होतात. ज्येष्ठाने ते स्वीकारले की खाली पोचपावती छापली जाते आणि अस्मादिक दावे जिल्ह्याला रवाना करतात. शुक्रवारी दुपारी बाराला जिल्ह्याचे दार बंद. आज एकही फाइल वर चढली नाही.

मंगळ., ५
तार तपासली. खारीने कुरतडलेली नाही, याचा किंचित विषाद. राउटरची डबी बंद करून पुन्हा सुरू केली. आमच्या शास्त्रातले हे गंगाजल. कनिष्ठाला हाक मारली तर तत्काळ ओ देतो, फाइल मागितली की 'प्रवेश नाकारला'. रुसलेल्या जावयाचे लक्षण: बोलतो सर्वांशी, पानावर मात्र बसत नाही. पेनड्राइव्हने न्यावे, तर विषाणूभयाने वरिष्ठांनी ज्येष्ठाची ती छिद्रे बुजवलेली.
आवक सांभाळणाऱ्या शकुंतलाबाई: "काऊन भाऊ, एवढं शिकून वायरच पाहून राह्यले का?"
वायर दुसऱ्या टोकाकडून पाहिली.

बुध., ६
पासवर्ड बदलला. फायरवॉल क्षणभर पाडली. व्यर्थ.
खाली बाकावर झुरीबाई, आतल्या जंगलातल्या गावची. सोमवारपासून पावतीसाठी बसून. तिच्या धानाच्या बांधीचा दावा कनिष्ठाच्या पोटात अडकला आहे. बांधी, म्हणजे भाताचे खाचर, आजोबापासूनची; कागद हा पहिलाच. ती काही विचारत नाही. मी खाली उतरलो की मान वर करते. त्यापेक्षा विचारलेले बरे.
जेवण गेले नाही. वांगे निर्दोष होते.

गुरु., ७
निदान झाले. कनिष्ठाच्या कोपऱ्यात तारीख: ३१ जानेवारी. दोन यंत्रांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले की ज्येष्ठ समोरच्याला तोतया समजतो. येथे सात दिवस. घड्याळाची बॅटरी दिवंगत झाली असावी, असे विद्वत्मत सभेपुढे मांडले. सभा म्हणजे श. बाई.
"बॅटरी चांगली हाय. मीच रोज सकाळी तारीख मांगं करतो."
दावे घेण्याची मुदत एकतीसला संपली. झुरीबाई आली चार तारखेला. गावात नव्या शेंगांचे पंडुम होते. तो सण आटोपल्याखेरीज गाव कागदावर अंगठा लावत नाही, आणि गावाच्या अंगठ्यांखेरीज दावा होत नाही. पावती छापेपर्यंत एकतीस हलू द्यायची नाही, असा बाईंचा सरळ हिशेब.
"बाई, हे बनावट आहे."
"मंग सांगा तिले तुमीच. बसली हाय थे बाकावर. मले तं नाई होत."
तिच्यापुढे जाऊन उभा राहिलो. 'पाणी प्यालात का' एवढेच विचारले. प्रकांड वक्तृत्व.

शुक्र. (दिनांक मागाहून घालीन)
कनिष्ठाला आजची तारीख दिली, तर फाइल निमिषार्धात वर जाईल, आणि तितक्याच त्वरेने 'मुदतबाह्य' ठरेल. ज्येष्ठालाच एकतीसवर आणले, तर दोघे गळ्यात गळे घालतील, दावा मुदतीत जाईल. जिल्ह्याचे यंत्र फाइलीवरची तारीख वाचते, शहानिशा करीत नाही. प्रेषक म्हणून नाव मात्र अस्मादिकांचे. आजवरच्या सेवेत एकाही कागदावर खोटी तारीख घातलेली नाही. मिरवण्याजोगी तेवढीच एक वस्तू जवळ आहे, आणि ती पाहायला आजवर कोणी आलेले नाही.
मुदत कोणी ठरवली? पंडुम केव्हा असते हे गावाला विचारायला कोणी...
असो.
साडेअकरा. ज्येष्ठाच्या तारखेची चौकट उघडून बसलो आहे. खालून श. बाई:
"भाऊ, वरतं आज कोन्ती तारीख हाय?"
सांगतो, म्हणालो.
अजून सांगितलेली नाही.