सानुकाचे कपडे

२७ ऑक्टोबर

पोचले एकदाची. बिर्स्क शहराहून आलेल्या बसने हमरस्त्यावर सोडलं, पुढे न्यायला ग्रामकचेरीची मुख्य मिनस्लू जीप घेऊन आली होती. बाई गोलमटोल आणि तोंडाची टकळी थांबेल तर शपथ. सहा महिने दवाखान्याला कुलूप होतं, आता तुम्ही आलात, देव पावला, असं वाटेत चारदा म्हणाली. कुठला देव ते मी विचारलं नाही. यांच्याकडे डझनावारी आहेत.

घर मात्र झकास. दवाखान्याच्या मागे दोन खोल्या, विटांची जाडजूड चूल, भिंतीशी रचलेली लाकडं, खिडकीबाहेर बर्चची झाडं. टेबलावर कुणीतरी मध आणि तीन थरांचे घावन झाकून ठेवले होते. चार खाल्ले.

१६ नोव्हेंबरला आई माझ्या ऊनावीला घेऊन येईल. तीन वर्षं दोन नोकऱ्या केल्या आणि पोरगी आजीकडे वाढली, सहाची नऊ वर्षांची झाली तोवर मी तिला फक्त रविवारची भेटले. आता एका छपराखाली राहायचं. तिची खाट चुलीच्या उबेला लावली आहे. आज मी खूश आहे, खरंच खूश आहे.

३० ऑक्टोबर

तीन दिवसांत अकरा पेशंट आणि एकही धड नाही. एका म्हाताऱ्याचं ब्लडप्रेशर दोनशेच्या घरात, गोळ्या खातोस का विचारलं तर मनगटाचा लाल दोरा दाखवला. दुसरीने पोराच्या कानात हंसाची चरबी ओतलेली. मी म्हटलं, बाई, उरलेली भाकरीला लाव.

ही माणसं परकी असती तर हसून सोडून दिलं असतं. पण मीही यांच्याच मारी जमातीची, माझी आजी असलेच उद्योग करायची. शहरात लोक आमच्याकडे बघून नाकं मुरडतात ती याच अडाणीपणामुळे, म्हणून माझं डोकं जास्त फिरतं.

२ नोव्हेंबर

मिनस्लू आज लाडीगोडी लावत आली, तेव्हाच ओळखलं की काहीतरी गळ्यात मारणार.

शेजारच्या पियाल्चे आजीची मुलगी सानुका सप्टेंबरच्या शेवटी न्यूमोनियाने गेली. चौतिशीची, डेअरीवर गाईंचं दूध काढायची. तिचा चाळिसावा दिवस ८ तारखेला येतो आणि त्याच दिवशी पानगळीनंतरची पुनव. चाळिसाव्याला मेलेल्या माणसाचे कपडे घालून कुणीतरी बसावं लागतं. त्याने मयताच्या नावाने जेवायचं, नाचायचं, घरच्यांशी बोलायचं आणि मग वेशीपर्यंत जाऊन परत यायचं. सानुका लहानखुरी होती. तिच्या मापाची गावात एकही बाई नाही, सगळ्या मिनस्लूसारख्या. तर डॉक्टरीणबाई, तुम्ही.

मी तोंडावर हसले. पण म्हातारी बाहेर ओट्यावर बसून राहिली होती, दोन तास. शेवटी हो म्हटलं. फुकट जेवण तर मिळेल.

५ नोव्हेंबर

इथले पुजारी इल्मुर्झाआजोबा नियम सांगायला आले. काठीसारखे सरळ, कमी बोलणारे, आपण फार मोठे आहोत असा चेहरा. वेशीवर सानुकाचे कपडे उतरवून कुंपणावर टांगायचे आणि आपले घालायचे. मागे न बघता यायचं. दवाखान्याच्या दारात ते मला माझ्या नावाने तीन हाका मारणार, मी ओ द्यायची, मगच उंबरा ओलांडायचा.

नाही दिली तर काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, असं आजवर कुणी केलेलं नाही. म्हणजे काय होतं हे यांनाही ठाऊक नाही. वाडवडिलांनी सांगितलं म्हणून मान डोलवायची, झालं.

९ नोव्हेंबर

कालचं आज लिहिते आहे, डोकं जड आहे.

दुपारी देवराईत पुनवेची प्रार्थना झाली. पांढरे कपडे, नऊ हंस, मोठमोठ्या कढयांत लापशी, आणि सगळा गाव झाडांसमोर गुडघ्यांवर. तासभर बर्फात गुडघे टेकायचे आणि सोमवारी सांधे दुखतात म्हणून माझ्याकडे यायचं. तिथे मोठ्याने बोलायचं नाही म्हणून मी मनातल्या मनात बोलले.

चंद्र उगवताना पियाल्चे आजीकडे गेले. सानुकाचा भरतकामाचा झगा, रुमाल, लोकरीचे बूट, कापूस भरलेला निळा कोट. सगळं मापात बसलं, बूटसुद्धा. त्या क्षणापासून डॉक्टरीणबाई कुणी म्हणेना. सानुका, ये. सानुका, जेव. मिनस्लूने तर गळ्यात पडून, तुझी लाल गाय तुझ्याशिवाय दूध चोरते गं, असं सांगितलं. यांच्यातून एक नाटकमंडळी सहज निघाली असती. मी नाचले, डुलले, जमेल तसे हुंकार दिले.

मग म्हातारी समोर बसली. छातीत अजून दुखतं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, नाही. मग ती म्हणाली, जीप मिळेना, तुला उशिरा नेलं, माझ्यावर रागावलीस का? मी म्हटलं, नाही रागावले. तेवढ्यापुरतं मला कसंतरी झालं, ते लिहून ठेवते.

वेशीवर उणे अकरा. तिथे उघड्यावर कपडे बदलायचे म्हणे. मी साफ नाही म्हटलं. मला न्यूमोनिया झाला तर तुमची झाडं बरा करणार आहेत का, असं विचारलं. कोट अंगावर ठेवूनच परत आले, मागे वळून गंमतही पाहिली.

दवाखान्याच्या दारात इल्मुर्झाआजोबा उभे होते. ओनाल्चे, अशी हाक मारली. मी गप्प. दुसरी हाक मारली. सगळा गाव श्वास धरून उभा, आणि मला हसू आवरेना. तिसऱ्या हाकेला मी म्हटलं,

"ओनाल्चे गेली कबरस्तानात. मी सानुका. आई, अंथरूण घाल गं माझं."

कुणी हसलं नाही. बायकांनी पोरांची तोंडं कुशीत ओढली. एकटी पियाल्चे आजी हसली, चेहरा असा उजळला तिचा की मला तिची कीव आली. मी उंबरा ओलांडला, दार लावलं, झोपले.

आज दिवसभरात एकही पेशंट नाही. रुसलेत गावकरी.

१० नोव्हेंबर

आजही कुणी नाही. उंबऱ्यावर घावनाचे तुकडे कुस्करून ठेवले होते आणि मेणबत्तीचं थोटूक. मयताला ठेवतात तसं. मी केरसुणीने बाहेर लोटलं.

मिनस्लूला रस्त्यात गाठून झापलं. ती माझ्याकडे बघेना. खाली मान घालून म्हणाली, जेवलीस ना पोटभर, मग आता जा बाई, आम्हाला त्रास नको देऊस. ग्रामकचेरीची मुख्य, शिकलेली बाई. धन्य आहे.

पियाल्चे आजी दूध घेऊन आली. झोप लागली का विचारलं. तिला आत घेतलं, बिचारीचं डोकं ठिकाणावर नाही.

११ नोव्हेंबर

कालच्या पानावर शाई फासली आहे. ओळीवरून हात घासत गेल्यासारखी. आत्ता लक्षात आलं, मी डाव्या हाताने लिहिते आहे.

मी डावखुरी नाही.

पेन उजव्या हातात घेतलं तर अक्षर पहिलीतल्या पोराचं येतं. नस दबली असेल. झोपेत हात अंगाखाली गेला की होतं असं. आंगठ्याच्या बुडाशी घट्टा आलाय, दूध काढणाऱ्या बायांना येतो तसा. तीन दिवसांत घट्टा येत नाही, हे मला कळतं.

दुपारी त्यांचं समाधान म्हणून कोट, झगा, बूट सगळं वेशीवर नेऊन टांगलं. इल्मुर्झाआजोबांना म्हटलं, मारा हाक. त्यांनी मारली. मी नीट ओ दिली, गुणी मुलीसारखी. त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि मान हलवली. म्हणाले, "आवाज तिचाच आहे."

मी वाट्टेल ते बोलले त्यांना. थोतांडी म्हातारा म्हटलं. ते दाराकडे पाठ करून बोलले. रक्ताच्या माणसाने हाक मारायला हवी. एका दिवसात तीन हाका, सकाळी, दुपारी आणि सूर्य टेकताना, आणि तिन्हींना तू ओ द्यायची. मुलगी येतेय ना, ती मारेल. तोवर सानुका म्हणून कुणी बोलावलं तर ओ देऊ नकोस.

"जिच्या हाकेला ओ देशील, तिची होशील."

डोंबलाचं. पण १६ तारीख फार लांब नाही.

१३ नोव्हेंबर

आईला फोन केला. ऊनावीने उचलला. मी म्हटलं, ऊनू, मी बोलतेय. ती म्हणाली, कोण? मी म्हटलं, अगं मी, आई. ती आजीला म्हणाली की कुणीतरी बाई चेष्टा करतेय. फोन ठेवला.

लाइन खराब असते इथे. लाइनच खराब आहे.

पुन्हा केला. आईला सगळं सांगितलं. आई शेवटपर्यंत मला अहो-जाहो करत होती. एवढंच म्हणाली, आम्ही येतो.

१४ नोव्हेंबर

पियाल्चेच्या घरात होते. कशी गेले, माहीत नाही. चुलीसमोर उभी, हातात मिठाची बरणी. बरणी फळीवर, पिठाच्या डब्यामागे असते. मला कुणी सांगितलं होतं?

म्हातारी गोठ्यातून हाक मारत होती. सानुका, सानुका. ओठांवर आलेली ओ दातांनी धरली. जीभ चावली गेली, रक्त आलं. पळत आले घरी.

म्हातारी मागोमाग आली. तिला मी म्हटलं, आजी, मी तुमची मुलगी नाही, तुमची मुलगी गेली. शांतपणे ऐकलं. म्हणाली, एकदा उशीर केला मी. आता नाही सोडायची.

मी हिला वेडी समजत होते. हिला सगळं कळतंय —

१५ नोव्हेंबर

ओनाल्चे. ओनाल्चे. ओनाल्चे इशबुलातोव्ना. बिर्स्क. मुलगी ऊनावी. मुलीची खाट चुलीजवळ. ओनाल्चे.

शंभरदा लिहिलं. शेवटच्या दहा ओळींत नाव — दुसरंच. हात माझं ऐकत नाही.

लाल गाय हंबरते आहे सकाळपासून. मला कळतंय तिला कुठे दुखतंय.

मी चुकले. कुणाला सांगू? माझं चुकलं. त्या दारात सरळ ओ द्यायची होती फक्त. एवढीशी गोष्ट —

१६ नोव्हेंबर

सकाळ. आल्या दोघी. लाल टोपी घातलीय माझ्या पोरीने. इल्मुर्झाआजोबांनी तिला दारासमोर उभं केलं. तिने हाक मारली, आई. मी ओ दिली, दारात आले, हात पसरले. ती माझ्या तोंडाकडे सरळ बघत म्हणाली,

"मावशी, माझ्या आईला बोलवा ना."

आईने तिला मागे ओढलं. उंबऱ्यावर घावन कुस्करलं. हात जोडून म्हणाली, खा, पी, आणि आमची पोर आम्हाला परत दे. माझी आई, मला.

दुपार. दुसरी हाक. मी ओरडून — आवाज जाड, गोठ्यातला, माझा नाहीच. ऊनावी रडते आहे. पियाल्चे कुंपणाशी उभी, नुसती बघते. ऊनूचा वाढदिवस — मार्च — नाही, एप्रिल — जन्मली तेव्हा पाऊस — बर्फ —

एक हाक उरली. एकच. नाव लक्षात ठेव. ऊनू. ऊन —

सूर्य टेकलाय. बाहेर लाल टोपीची एक पोरगी उभी आहे, केव्हाची आई आई करून हाका मारतेय. घसा बसला बिचारीचा. कुणाची आहे कोण जाणे. असल्या थंडीत पोर बाहेर ठेवायची म्हणजे — त्या बाईला काळीज आहे की नाही. ओ द्यायला काय जातं तिचं. मीच जाऊन आत घेतलं असतं, पण आई कुंपणाशी थांबलीय, मला बोलावतेय, गाईची वेळ झाली, आणि मी इथे बसून हे काय लिही —