तिकोनी घडी

प्रिय वन्सं,

मी बोलतेय आणि नात लिहितेय. तेव्हा अक्षर सुंदर दिसलं तर वहिनी शिकली अशा भ्रमात राहू नका. तुमच्या धाकानं सगळी कामं शिकले, तेवढं एक राहिलं.

तुम्ही फूड बँकेत माझ्यासोबत फुकट धान्य वाटायला यायचं थांबवलंत आणि टेबलामागे माझ्याशी भांडायला कुणी उरलं नाही. रांग मात्र वाढलीय. पूर्वी आपल्यासारखी जुनी खोडं यायची; आता गळ्यात ओळखपत्र घातलेली माणसं कामावरून थेट येतात. मागणंही बदललंय. तांदूळ-डाळ पुढे केली की हळूच म्हणतात, "आजी, शिजवावं लागणार नाही असं काही आहे का?" गॅसच परवडत नाही. मग त्यांच्यासाठी वेगळी पिशवी भरतो: पाव, बिस्किटं, डबाबंद मासे, खजूर. तुम्ही कपाळाला हात लावला असतात. ताट जरा निवलं की ह्यांच्या पुढ्यातून उचलून परत गरम करायला लावणाऱ्या तुम्ही! आणि बोलणी मला.

एक नर्स दर आठवड्याला तसली पिशवी नेते, "आमच्या इमारतीत, माझ्याच मजल्यावर राहणाऱ्या एका बाईंसाठी." मी नाव विचारलं नाही, विचारायचं नाही हा नियम तुमचाच. कापडी पिशव्या परत येतात त्या बोळा होऊन. गेल्या आठवड्यात तिनं आणलेली बघितली, तर तिकोनी घडी, टोक आत खोचलेलं. ती घडी जमेना म्हणून तुम्ही माझ्या अंगावर पिशवी भिरकावली होतीत, आठवतंय? मी ती उलगडलीच नाही.

इथं नातीनं पेन थांबवलंय, माझ्याकडे बघतेय. म्हटलं लिही गं, तुझी आत्याआजीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी तुमचे जिने चढून आले होते. दार वाजवलं. आतून तुमच्या चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. मीही थांबले. दोघी हट्टी, एकाच घरच्या. शेवटी माझ्या गुडघ्यांनी हार मानली.

दार उघडा म्हणायला हे पत्र नाही. उद्यापासून नर्सच्या हाती डबा येईल, गरम. त्यावर नाव नसेल, कुणी काही विचारणारही नाही. एकच मागते, वन्सं. हे वाचून घडी बदलू नका. पिशवी तशीच येऊ दे. मला वाचता येतं ते तेवढंच.

तुमचीच,
भांडायला टपलेली वहिनी