बिजलीचा धोंडा

६ एप्रिल, सोम.
आज पण घोडी आली नाय. लग्नाला गेली.
सकाळी ओवीला आंघोळ घातली, बूट चढवले, हेल्मेटचा पट्टा लावून खुर्चीत बांधून बसवली आणि फिजिओबाईचा फोन. "आजी, आजचं सेशन कॅन्सल, बिजलीला वरात आहे." आता हे नातीला कोण सांगणार? सात वर्षांची पोर, मान धरत नाय, पाठ धरत नाय, पण हट्ट धरायला जोर भारी. हेल्मेट काढू देईना. वरणभात हेल्मेटमधीच भरवला. सून कामावरून आली, म्हणते, "आई, हे काय?" म्हटलं, तुझी पोर आज मोटरसायकलवर जेवली.

९ एप्रिल, गुरु.
घोडी आली. आम्ही रिक्षाने सुकापूरच्या मागच्या मैदानात. रिक्षावाला विचारतो, एवढ्याशा पोरीला हेल्मेट कशाला? म्हटलं, तुझी रिक्षा बघून.
नाव बिजली, पण चाल लोडशेडिंगची. पांढरी, कपाळावर कालच्या लग्नाचा गुलाल तसाच. मालक रशीदभाई. लग्न नसेल तेव्हा आमच्या पोरांना, लग्न असेल तेव्हा नवरदेवाला. दोघांनाही वर चढवायला चार माणसं लागतात.
र.भाई पुढे लगाम धरून, एका बाजूला फि.बाई, दुसऱ्या बाजूला मी. माझं काम ओवीची मांडी धरून चालायचं. फि.बाई म्हणते, घोड्याची चाल माणसाच्या कमरेसारखी, वर बसलं की पाठीला आपोआप कळतं सरळ कसं राहायचं. मी दरवेळी मान डोलावते. घरी येऊन हसते.
पण आज तिसऱ्या फेरीला पोरीने घोडीच्या पाठीवरचा धरायचा पट्टा सोडला आणि बसली. ताठ. झाडाखालून गेली तेव्हा पान धरायला हात पण वर केला. मी सहजासहजी काय मानत नाय. गणपती दूध प्यायला तेव्हा पण मी नाय मानलं. हे मात्र

(सून बोलवते. दूध उतू गेलं.)

२२ एप्रिल, बुध.
आता मला दुसऱ्या पोरांच्या पण मांड्या धरायला लावतात. नवीन पनवेलची एक आई आली, केस सोडलेले, गॉगल. मला खालून वर बघून विचारते, "आजी, तुम्ही ट्रेन्ड आहात का?"
म्हटलं, होय बाई. जन्मभर डोक्यावर मासळीची टोपली घेऊन चालले. एक पापलेट पडलं नाय. तुझा मुलगा काय पडतो.
तिचा मुलगा माझ्यापेक्षा जड निघाला. रात्री गुडघ्याला तेल. कोणाला सांगितलं नाय.

३० एप्रिल, गुरु.
वाईट झालं.
र.भाई आज घोडी सोडायच्या आधी चहा घेऊन बसला. चहा घेऊन बसला तेव्हाच कळलं. "मावशी, अधिक महिना लागतो. एक पण लग्न नाय. मग पाऊस. दाणावैरण कुठून घालू? लोणावळ्याचा एक माणूस मागतोय, टुरिस्टला फिरवायला. देऊन टाकतो."
फि.बाईचा चेहरा उतरला. म्हणाली, आम्ही विकत घेतो. र.भाई चांगला माणूस, म्हणाला, बरं, अधिक संपेपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे नाय.
ओवी वर बसलेली. तिला काय कळलं ते तिलाच.

४ मे, सोम.
फि.बाईने घोडीचा फोटो मोबाइलवर टाकला, मदत करा म्हणून. खूप लोकांनी हात जोडलेले पाठवले. हात जोडलेले घोडी खात नाय.

६ मे, बुध.
म्हटलं, मीच फिरते. कोळीवाड्यात घरोघर.
सगळीकडे एकच रड. "धोंड्याचा महिना आला गं, जावयाचं करायचंय." याला चांदीचं निरांजन, त्याला कपडे, वर तेहतीस अनारसे. तीन वर्षांनी अधिक येतो आणि सासऱ्याला भिकेला लावून जातो.
हिराबायच्या ओट्यावर दहाबारा बायका जमल्या होत्या. माझं तोंड सुटलं. म्हटलं, तुमचा जावई काय करतो? येतो, खातो, पंख्याखाली घोरतो, जातो. ती घोडी आठ पोरांना पाठीवर घेऊन उन्हात चालते. सांगा, वाण कोणाला द्यायचं?
हिराबाय म्हणाली, "चांगुणे, घोडीला जावई मानायची? बाईमाणूस हाय ती."
"मग सून मानू? सुनेला कोण देतं?"
सगळ्या हसल्या. सुना जरा जास्तच हसल्या. आणि ठरलं. यंदा जावयाला नुसते अनारसे, चांदीचे पैसे घोडीला.

१० मे, रवि.
जावयांमधी बोंबाबोंब. हिराबायच्या जावयाने उरणहून फोन करून विचारलं, माझ्या जागी कोण ती, एकदा भेटवा तरी.
मी माझ्या जावयाला सगळ्यांच्या आधी सांगितलं, म्हणजे मला कोणी बोलायला नको. "हरकत नाही आई," म्हणाला आणि हसला. तळणीत अनारसा हसतो तसा. फुटून गेला पार.

२४ मे, रवि.
आज बिजलीचा धोंडा केला. काय कार्यक्रम झाला!
बायका जरीची लुगडी, अंगभर सोनं, केसात अबोली घालून मैदानात. नवीन पनवेलच्या आया मोबाइल काढून उभ्या. घोडीला न्हाऊ घातलं, पायावर पाणी, कपाळाला कुंकू, ओवाळलं. जिने ओवाळलं तिने ताटात टाकलं. गॉगलवालीने पण टाकलं, आणि गॉगल काढून टाकलं.
अनारसे सुपात मांडलेले, केळीच्या पानावर, तेहतीस. नुसते दाखवायचे असं ठरलं होतं. पण पहिला जावई घरी आला आणि ताटावरून कोरडा उठला असं आमच्यात होत नाय. मी एक भरवला. मग हिराबाय म्हणाली, एक माझ्या हातचा. मग तिची जाऊ रुसेल म्हणून तिच्या हातचा. फि.बाई त्या वेळी मोठ्या सोसायटीच्या सेक्रेटरीशी बोलत होती. र.भाई जेवायला गेलेला. घोडी जावयापेक्षा शहाणी, एकदा पण नको म्हणाली नाय. सूप चाटून पुसून. केळीचं पान पण.
पैसे जमले. फि.बाई म्हणाली, आजी, होतंय! मिठी मारली मला. मी असल्या गोष्टी करून घेत नाय, पण आज घेतली.

२५ मे, सोम.
सकाळी र.भाईचा फोन. मावशी नाय म्हणाला, काय नाय. "काय खायला घातलं?"
गेलो तर बिजली जमिनीवर. उठते, पाय आपटते, वळून स्वतःच्या पोटाकडे बघते, परत बसते. पोट ढोलासारखं. जनावरांचा डॉक्टर आला. त्याने विचारलं काय खाल्लं, तर सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. कोळीवाड्याची एकी असते ती अशी.
"तेहतीस?" डॉक्टरने दोनदा विचारलं. "तुपातले?"
म्हटलं, रिफाइन तेलातले. तूप परवडत नाय.
म्हणाला, घोड्याला ओकता येत नाय. यात घोडी जाते पण. नाकातून नळी घालून औषध ओतलं, सुई दिली. लोळू द्यायची नाय, आतडं पिळतं, चालवत राहा, आणि लीद पडते का बघा.
मग चालवली. दोघी पुढे, दोघी मागे, कासोटा घट्ट मारून. थकलं की दुसऱ्या चौघी. र.भाई लगाम कोणाला देईना, त्याचे डोळे लाल. हिराबाय घोडीच्या पोटाला कान लावून चालत होती. मी शेपटीकडे. तिथे काय दिसतं का बघत.
अशात तो लोणावळ्याचा माणूस आला. बुलेटवरून, पांढरे बूट. घोडी बघायला. म्हणाला, "हिला काय झालंय?" म्हटलं, मरायला टेकलीय, घ्यायची का? त्याने बुलेट बंद पण केली नव्हती. तशीच वळवली.
दुपार कलल्यावर घोडी थांबली. शेपटी उचलली. आणि पडली लीद! हिराबाय अशी ओरडली, जशी दर्यात बुडालेली होडी परत आली. बायका एकमेकींच्या गळ्यात. जन्म मासळी बाजारात काढला, पण कुठल्या वासाला मी रडले नव्हते.
घाम होता, रडले नाय. लिहिताना चुकलं.

२८ मे, गुरु.
फि.बाई रागावली. रागावली की इंग्रजी बोलते. मैदानाच्या दारावर पाटी लावली, "घोडीला काहीही खायला घालू नये." खाली कोणी तरी खडूने लिहिलं, "जावई मानू नये."
खरी गोष्ट अशी की लोणावळेवाला गेला, पण र.भाई पण फिरला. "कोणालाच नाय विकत. तुमाला तर नायच. मावशी, तुमच्या हातात दिली तर प्रेमाने माराल." पावसाळ्यात भावाकडे कर्जतला पाठवतो म्हणतो. तिकडून परत कधी? "अल्ला जाने."
घोडी होती तेव्हा पैसे नव्हते. पैसे झाले, आता घोडी नाय. आणि हे तेहतीस अनारशांनी केलं. त्यातला पहिला कोणी भरवला ते माहीत हाय.

३ जून, बुध.
दहा दिवस झाले, सेशन नाय. ओवी परत पोत्यासारखी कलंडते. उशी लावली तर उशीसकट. रोज सकाळी हेल्मेटकडे बोट. सून मला काय बोलत नाय. बोलली असती तर बरं. मला भांडता तरी आलं असतं.

४ जून, गुरु.
र.भाईच्या तबेल्यात गेले.  मी फावडं घेतलं, लीद भरली, पाणी मारलं, घरी आले. माफी मागणं आमच्यात नाय. काम करून येतात.

८ जून, सोम.
रोज जाते. त्याच्या बायकोने आज चहा दिला. "तुमी आता घोडीची लीद काढता की काय?" म्हटलं, मीच अडकवली होती ना. तोंडावर पदर धरून हसली. र.भाई नाय हसला. पण फावडं दाराशी काढून ठेवलेलं होतं.

११ जून, गुरु.
आज ओवीला घेऊन गेले. रिक्षात, मांडीवर. सून घरी नव्हती, विचारायचा प्रश्न आला नाय. बिजलीने मान खाली आणून पोरीचं हेल्मेट हुंगलं.
र.भाई बराच वेळ खरारा करत राहिला. मग म्हणाला, "फक्त हिला. आणि मी चालवणार. तुमी काय भरवायचं नाय."
"माझे हात रिकामे हायत," म्हटलं. दाखवले पण.
चढवली. पहिल्या फेरीत पोर उजवीकडे कलली. मी धरणार, तेवढ्यात घोडी उभी राहिली. कोणी लगाम ओढला नाय, काय नाय. पोर हळूहळू सरळ झाली, घोडी उभीच. सरळ झाल्यावर ओवी म्हणाली, "चल."
साफ म्हणाली. घरी आमाला "अ" म्हणून हाका मारते. घोडीला "चल."
र.भाई माझ्याकडे बघतो, मी घोडीकडे. संध्याकाळी सुनेला सांगितलं तर ती भिंतीकडे तोंड करून भांडी लावत बसली. कितीतरी वेळ एकच पातेलं.

१४ जून, रवि.
अधिक उद्या संपतो. परवापासून मुहूर्त. दोन वरातींचे फोन आलेत म्हणे. कर्जतचा टेम्पो शनिवारी सांगितलाय.
फि.बाई आज पैशांची पिशवी आणि कागद घेऊन तबेल्यात आली. बिचारीने काय काय समजावलं. विमा, डॉक्टर, शेडला पत्रे. र.भाई म्हणाला, नाय. मग घोडीला पाणी दाखवलं. परत आला, नाय विकत. मग नाल तपासली. परत आला. "मावशी, सांगून ठेवतो, विकायची नाय."
"बरं," मी म्हटलं.
फि.बाई रडकुंडीला. निघू या म्हणाली. मी तिचा हात धरून खाली बसवली. तिला काय माहीत. गिऱ्हाईक असो नायतर मालक, ज्याला खरंच नको असतं तो एकदा नको म्हणून चालायला लागतो. तीनदा नको म्हणून जो टोपलीजवळच घुटमळतो, त्याच्याशी बोलायचं नसतं. बोललात की गेला.
र.भाई आमच्या समोर बादली पालथी घालून बसला. ओवी घोडीवर, त्याची बायको लगाम धरून अंगणात गोल फिरवतेय. चल, चल, चल. पोरीला दुसरा शब्दच नको.
बऱ्याच वेळाने र.भाई म्हणाला, "शेडला पत्रे कुठले घालणार? स्वस्तातले वाजतात. पावसात बिजली घाबरते."
फि.बाईने तोंड उघडलं. मी तिला चिमटा काढला.
 माझ्या जिभेवर एवढं काय काय आलं, सगळं गिळलं. तेहतीस अनारसे गिळणं सोपं असेल.
मी घरी यायला निघाले तरी तो बादलीवरच बसलेला, उठला नव्हता.