कानबाईवर बसलेली खुडूक कोंबडी

ती. शालिग्रामभाऊस एरंडोलहून धाकट्या सुनंदाचा नमस्कार.

पोचलं ते असं: केळीचा घड एक (दोन फण्या दबलेल्या), खुडूक कोंबडी एक, तिच्याखालची अंडी नऊ. रिक्षाचे चाळीस रुपये मी दिले, असो. वहिनींचा गुडघा कसा आहे?

मुंगसाच्या भीतीनं खुडूक कोंबडी माळकरी बहिणीकडे पाठवणारा भाऊ अख्ख्या खान्देशात तूच. वर चिठ्ठी, की निम्मी पिल्लं तुझी, निम्मी माझी. (तुझ्या हितेंद्रचे सासरे जेवायला येणार म्हटल्यावर तुझ्या निम्म्यांचं काय होणार, हे मला कळतं हो!)

रविवारी आमच्याकडे श्रावणातली कानबाई देवी नारळाच्या रूपात बसायची, म्हणून कोंबडी ओट्यावरून न्हाणीघरात हलवायची ठरवली. अंधारात हलव, असं तू बजावलं होतंस. पण अंधारात कोंबडी दिसणार कशी? म्हणून भर दुपारी, चिमट्याला कापूस गुंडाळून (गळ्यात माळ आहे) एकेक अंडं नेलं. कोंबडी काही तिकडे बसेना. घरभर कुकलत फिरली आणि आम्ही आरतीचं ताट लावतोय तोवर चौरंगावर चढून थेट कानबाईच्या नारळावर बसली. चार पिढ्यांचा नारळ, भाऊ! नथ तेवढी बाहेर दिसत होती. मी हाकलायला गेले, तर शेजारची ताईबाई हात धरून म्हणते, "उठाडू नको वं माय, कानबाईले वाहन भेटनं!" आणि तिनं कोंबडीलाच कुंकू लावलं. यांचं म्हणणं, आरती होऊ द्या, कोंबडी आपोआप उठेल. झांजा वाजल्या तशी ती आणखीच पसरून बसली.

इकडे अंडी गार पडायला लागली. शेवटी तीही चौरंगावर आणून तिच्याखाली सारली. सोमवारी विसर्जनाला दारं-खिडक्या लावल्या, कोंबडीवर घोंगडी टाकली, तेव्हा कुठे अंधारात नारळ निघाला. (तुझं खरं होतं, पण हे वहिनींना सांगू नको.) देवी नदीवर जाऊन घरी येते तो चौरंगावर सात पिल्लं.

आता मुद्द्याचं. मंगळवारी ती पिल्लं आमच्या ताटाभोवती फिरली आणि सातही जणांनी रोटाचा चुरा टिपला. कानबाईच्या प्रसादाचा रोट कुळाबाहेर कुणाला चालत नाही, सासरी गेलेल्या लेकीलासुद्धा नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे ती आता आमच्या कुळाची झाली. निम्म्याचा प्रश्न मिटला. व्याह्यांना वांग्याचं भरीत कर.

तुझी,
सुनंदा

ता. क. चुरा त्यांच्यापुढे कुणी टाकला, हे ताईबाईला विचारू नको.

ता. क. दुसरा: पिल्लं आमच्या कुळाची, म्हणजे तू त्यांचा मामा. मामानं रिकाम्या हातानं राहू नये. ज्वारीच्या कण्या पाच किलो पाठव, रिक्षाचे चाळीस त्यातच बांध. फोनवर तू नुसता हसतोस, म्हणून उलट टपाली लेखी कळव.