शंकरले हुकूम

३ डिसेंबर १९६५
काल सांजेला तांड्यावर पोचलो. महिन्याची रजा. याडीनं पोटाशी धरलं, गालावरून हात फिरवला, मग मायलेक दोघंही रडलो. कापूस वेचणी चालू आहे. वावरात सारखी मान वर जाते. आभाळात घार. नुसती घार.

५ डिसें.
घाटंजी. चहाच्या दुकानात लोक जमले. "हवालदार, किती विमानं पाडले?"
म्हटलं, एकही नाही.
लोक आपापल्या चहाकडं वळले. यांना कसं सांगावं. विमान दिसते आन जाते, तेवढ्यात निशाणा किती लागणार. पण आमच्या तोफेच्या धाकानं ते खाली उतरत नव्हते. उंचावरून टाकलेले बॉम्ब नदीत पडले. आमी राखत होतो तो पूल शेवटपर्यंत उभा. तोफ चाकांवरची, म्हणून आमीही वाचलो. मारा केला की ट्रकला जोडायची, दुसरीकडं न्यायची. दोनदा विमानं तोफेचा आमी सोडलेला रिकामा खड्डा फोडून गेले.
तिसऱ्यांदा हललो नाही.

८ डिसें.
आर्णीला जायचं आहे. शंकरची माय तिथं. माझ्या तोफेवर गोळे भरायचा शंकर. रोज टाळून राह्यलो. आज याडी म्हणाली, "गेल्याबिगर तुले झोप नाही येत."

१० डिसें.
आर्णी. म्हातारी अंगणात ज्वारी पाखडत होती. सरकारी कागदात एवढंच होतं, लढाईत कामी आला. मी कसं सांगावं म्हणून घुटमळलो, तर तीच म्हणाली, "ट्रकचं चाक चिखलात फसलं, म्हून तोफ हालली नाही ना?"
म्हटलं, तुमाले कोणं सांगितलं?
"त्यानंच. सांजेला येते. उभ्याउभ्या पाणी पेते. म्हणते, माय, थांबत नाही, जागा बदलाची हाय."
तेव्हा खड्ड्यात होते ते बाकीचे सगळे अजून सरहद्दीवर. इकडं आलो तो मी एकटाच. आन मी कोणाले बोललो नाही.
थोरली सून खाली पाहून म्हणाली, "म्या नाही पाह्यलं, भाऊ. पण पाण्याचा तांब्या रिकामा असते."

११ डिसें.
म्हातारीनं जाऊ दिलं नाही. "तू त्याचा मोठा. तुहं ऐकन तो. सांग त्याले, आता हालाचं नाही."
नाही म्हणता येईना. त्या दिवशीही मीच म्हटलं होतं, ट्रक निघेपर्यंत इथंच थांबा. दुसरं काय म्हणणार होतो. शंकर "जी" म्हणाला, गोळे उचलले. विमान उन्हाच्या बाजूनं आलं.
सांजेला उंबऱ्याशी उभा राह्यलो. अंगणात कोणी नव्हतं. तरी तोफेवर बोलत होतो तशा आवाजात म्हणालो, "शंकर, आता इथंच थांब."
लाज वाटली. गल्लीतलं कुत्रं उठलं आन दूर जाऊन बसलं.

१२ डिसें.
सकाळी म्हातारी खुशीत. भाकरी थापता थापता म्हणाली, "हालला नाही तो. आत बसला हाय."
सून पोराले कडेवर घेऊन अंगणात उभी. आत जात नाही. "भाऊ, हे काय करून ठेवलं तुमी?"
एस्टीची वेळ झाली. पिशवी उचलली तर म्हातारी म्हणते, "असा कसा जाते? त्याले सांगून जा."
आतल्या खोलीचं दार लोटलेलं.
एस्टी गेली. मी अजून ओसरीवरच.