कानातली आत्या

ओरिसाबा, ११ जानेवारी १९९७

चि. नेलिदास,
लेओकादिआ आत्याचे अ. आ. आज ते जरा दातओठ खाऊन देते आहे, हे आधीच सांगते.

दंतवैद्याकडे बसले होते. समोर एक रंगीत मासिक, आणि मासिकात तू. बुटांच्या दुकानाची फीत कापते आहेस. अंगात ठिगळांचा झगा, डोक्याला दोन वेण्या, आणि खाली छापलेलं, 'आपली मिगाहिता आजही तशीच!' तशीच कशी असेल? जूनमध्ये तुला चाळीस पूर्ण होतील. टेबलावरचा पावाचा चुरा वेचून खाते म्हणून जिचं नाव मिगाहिता, म्हणजे चुरा, ती अनाथ पोर सहा वर्षांची होती, आणि ती तू नव्हतीस, ते तुझं सोंग होतं. एवढा फरक आमच्या कॉन्व्हेंटात पहिलीतल्या मुलीलाही कळायचा.

मी त्या 'मिगाहिता' टीव्ही मालिकेची प्रॉम्प्टर. काचेच्या खोलीत बसून प्रत्येक वाक्य मी तुझ्या कानातल्या बटणाएवढ्या यंत्रात सोडलं, आणि तू ते बोललीस. सगळा देश रडला. मग तुझे पाय लांब झाले, झगा पुरेना, आणि त्याच स्टुडिओचा दरवान तुला फाटकात ओळखेनासा झाला. त्या लोकांसाठी पुन्हा वेण्या घालायच्या? तू केस कापतेस, ते इमानाचं काम आहे. तेच कर.

दाढ काढली, तो राग वेगळा. उत्तर लिहून पाठव. फोन करू नकोस, फोनवर तू नुसती हो हो करतेस.

कळावे. लोभ आहेच, राग दिसला तर तोही त्याच घरचा समज.
तुझी,
लेओकादिआ आत्या


मेक्सिको शहर, २६ जानेवारी १९९७

ती. आत्यास,
नेलिदाचा सा. न. वि. वि.

रागावलीस ते बरं झालं. इथे माझ्यावर रागावण्याइतकं कुणाला पडलेलं नाही. बुटांचं दुकान आमच्या सलूनच्या मालकिणीच्या भावाचं. नाही म्हणायचासुद्धा कंटाळा आला होता. दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, तेव्हा माणूस कशालाही हो म्हणतो.

पण खरी बातमी वेगळी आहे. फिलोमेना ओल्गीन म्हणून एक दिग्दर्शिका माझ्याकडे केस कापून घेतात. परवा आरशातून माझ्याकडे बघत त्या म्हणाल्या, 'मला हवा तो थकवा तुझ्या तोंडावर आहे, आणि तो रंगवून येत नाही.' नाटकात आईचं काम देतायत. मुलगा सीमेपलीकडे कामाला गेलाय, त्याचा पत्ता नाही. ती नाटकभर वाट बघते आणि शेवटी त्याची खोली भाड्याने देते. एवढंच. मी ते वाचलं आणि मला ते काम हवंसं वाटलं, आत्या. मला काही हवंसं वाटून किती वर्षं झाली, ते तुला माहीत आहे.

अडचण अशी की त्यांच्या रंगमंचावर कानात यंत्र चालत नाही. ईस्टरआधीचा पवित्र आठवडा लागायच्या आत सगळं तोंडपाठ झालं नाही, तर काम दुसरीला जाणार. आणि मला पाठच करता येत नाही. वाक्य कानात यायचं, तोंडातून निघून जायचं, मागे काही उरायचं नाही. छापलेली ओळ कितीही वाचली तरी ती कागदावरच राहते. म्हणून मागते, सोबत पाठवलेलं सगळं नाटक तुझ्या आवाजात कॅसेटवर भरून देशील?

रेनान भेटला होता. मालिकेतला माझा भाऊ, आठवत असेल. मध्यंतरी टायर विकायचा, आता टीव्हीवर खलनायक झालाय. बाजारात बायका त्याला शिव्या घालतात आणि हा खूश. 'मिगाहिता' पुन्हा काढतायत, मोठी झालेली, पण वेण्या त्याच. निर्मात्याला मी हवी आहे. रेनान म्हणतो, 'वेडे, कानात बटण घाल, आत्या नसेल तर दुसरी कुणी बोलेल, पगार घे आणि घरी जा.' त्याचं चुकतंय असंही वाटत नाही.

माया कमी करू नकोस. करायचीच झाली तर आधी कळव.
तुझी,
नेलिदा


ओरिसाबा, १६ फेब्रुवारी १९९७

चि. नेलिदास,
अ. आ. सोबत कॅसेटी. पोस्टावर माझा भरवसा नाही, म्हणून बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. त्याला कॉफी पाजलीस तर बरं.

वाचता येतं आणि पाठ होत नाही, असं म्हणणारी मुलगी कॉन्व्हेंटातल्या मदर एस्कोलास्तिकांपुढे उभी राहिली असती तर त्यांनी तिला उपाशी प्रार्थनाघरात बसवलं असतं. मला अजून सगळी स्तोत्रं लॅटिनमध्ये येतात, अर्थ एकाचाही येत नाही, पण येतात. असो. भरून दिलं. दुसऱ्या अंकात शेजारणीचा कोंबडा ओरडला आहे, तो तेवढा पाठ करू नकोस.

नाटकाबद्दल माझं मत तू विचारलेलं नाहीस, तरी देते. लग्न नाही, खून नाही, जुळी बहीण नाही. बाई चादरी घड्या घालते आणि वाट बघते. वाट बघणं लोक घरी फुकट बघतात, त्यासाठी तिकीट कोण काढेल? भाडेकरू कोण, तेही शेवटपर्यंत सांगत नाहीत. आणि तरी तुझी ती ओल्गीनबाई, जिला कानातलं यंत्र चालत नाही म्हणे! माझ्या आवाजावर नट म्हातारे झाले, कुणी तक्रार केली नाही.

रेनानला सांग, तो सात वर्षांचा असताना भर दृश्यात पाय आवळून उभा होता. मी कानात 'जा' म्हणाले नसते तर त्याची नाचक्की घरोघरी दिसली असती. मोठा आला शहाणा.

घसा बसला आहे. मधपाणी घेते आहे. तुझं चालू राहो, आणि आत्याची आठवणही अधूनमधून चालू राहो.
तुझी,
लेओकादिआ आत्या


मेक्सिको शहर, ९ मार्च १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कॅसेटी ऐकून ऐकून फीत गुरफटायला आली. केस कापताना ऐकते, बसमध्ये ऐकते. आणि पाठ झालं, सगळं झालं. म्हणून तर घोळ झाला.

पहिल्या अंकात मी खिडकीशी जाऊन म्हणायचं आहे, 'आज बस उशिरा आहे.' परवा तालमीत मी गेले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, 'आज बस उशिरा आहे. थांब. खाली बघ. हुंदका.'

तू सवयीने सगळंच भरलंस, आत्या. वळ, थांब, डोळे पूस, दाराकडे जा, अगदी काचेच्या खोलीत सांगायचीस तसं. आणि मी सगळंच पाठ केलं. माझ्या लक्षातही आलं नाही. पडद्यामागचे लोक हसून लोळायचे बाकी होते. ओल्गीनबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे कोण बोलतंय? मी म्हटलं, माझी आत्या. तेव्हा त्या म्हणाल्या, 'तुझ्या आत्याला मी हे काम दिलेलं नाही.'

आता ते शब्द गाळायला शिकले आहे. पण ते गाळले की मी खांबासारखी उभी राहते. हातांचं काय करायचं, कुठे बघायचं, कळत नाही. ओल्गीनबाईंना विचारलं तर म्हणतात, तुला जे वाटेल ते. मला काय वाटतं, हे मला कधी कुणी विचारलेलंच नाही, तर मी कुठून आणू? दुसरी एक बाई रोज मागच्या खुर्चीत येऊन बसते. तिलाही माझं काम पाठ आहे.

तेवढं एकच सांग. शेवटी ती खोली रिकामी करते, तिथे रडायचं की नाही? लोक मिगाहिताला रडताना बघायला येतील. आणि झावळ्यांच्या रविवारपर्यंत, म्हणजे पवित्र आठवडा लागेपर्यंत, रेनानच्या निर्मात्याला उत्तर द्यायचं आहे. खूप दमले आहे गं.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून,
नेलिदा


ओरिसाबा, १४ मार्च १९९७

चि. नेलिदास,
आशीर्वाद.

मला माहीत नाही.

हे लिहायला मला दोन दिवस लागले. तुला वाटतं की 'रड' मी ठरवायचे. मी नाही ठरवलं. वरून चिठ्ठी यायची, मी वाचायचे. वर कुणी का लिहिलं, हे मी विचारलं नाही. कॉन्व्हेंटात आम्हाला विचारायला शिकवलंच नव्हतं, आणि तिथून मी थेट काचेच्या खोलीत गेले. तुझ्याइतकंच मलाही कुणी तरी बोलायला लावत होतं. फरक एवढाच की माझ्यावर कॅमेरा नव्हता.

ओल्गीनबाईंचं ते वाक्य मला झोंबलं. आधी त्यांना चार ओळी खरमरीत लिहून काढल्या. मग बाहेर दिवसभर पावसाची भुरभुर चालली होती, मी नुसती बसून राहिले, आणि लक्षात आलं की बाई उद्धट आहे, पण चुकीची नाही. चार ओळी चुलीत घातल्या.

टीव्हीचं काम घ्यायचं असेल तर घे. पोट आहे, घरभाडं आहे, आणि पोटऱ्या तुझ्या आहेत, माझ्या नव्हेत. मी रागावणार नाही. नाटक करायचं असेल तर ते कर. पण रडायचं कुठे ते मला विचारू नकोस. मी थकले आहे, पोरी. आणि यापुढे मी तुला काहीही सांगणार नाही आहे.

जे करशील त्यात माझी माया धरून चाल.
लेओकादिआ आत्या


मेक्सिको शहर, १४ एप्रिल १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, क्षमा कर. तुझं पत्र आलं तेव्हा मी आधी रुसले. मग रेनानला नाही म्हणून सांगून टाकलं. तो म्हणाला, 'बरं झालं, निदान माझ्यापेक्षा जास्त पगार तरी घेणार नाहीस.' आणि काल दुपारचा पहिला प्रयोग झाला.

नाट्यगृह अर्धं भरलं होतं. माझा अंदाज खरा ठरला. आलेले बहुतेक मिगाहितासाठीच आले होते. एकीने ठिगळांचा झगा घातलेली नात आणली होती. पहिला अंक ठीक गेला. दुसऱ्यात, मुलाची खोली आवरताना, माझं सगळं पुसलं गेलं. पुढचं वाक्य नाही, त्याच्या पुढचंही नाही. मी कान लावला, आत्या. खरंच लावला. काही आलं नाही. माडीवरून कुणी तरी ओरडलं, 'रड ना, मिगाहिता!' आणि लोक हसले.

रडू येत नव्हतं. राग येत होता. इतकी वर्षं आईला एक ओळसुद्धा न लिहिणाऱ्या त्या पोराचा राग. मी त्याची उशी उचलली आणि बडवली, दोनदा, चांगली धूळ निघेपर्यंत. मग भाडेकरू येणार म्हणून तीच उशी नीट मांडली. तेव्हा वाक्य आलं. मी ते बोलले. एकही टिपूस नाही.

टाळ्या फार नव्हत्या. झग्यातली नात झोपली होती. एका वर्तमानपत्राने लिहिलंय की अपेक्षाभंग झाला, दुसऱ्याने लिहिलंय की नाही झाला. ओल्गीनबाई आत आल्या आणि म्हणाल्या, उशी रोज बडव. मागच्या खुर्चीतल्या बाईला त्यांनी दुसरं काम दिलं आहे. मे अखेरपर्यंत प्रयोग लागलेत, आणि सकाळी सलून आहेच. पोटऱ्या तशाच दुखतात.

एकदा ये. नाटक आवडलं नाही तरी ये.
तुझी लाडाची, आणि रागाचीही,
नेलिदा


ओरिसाबा, १८ एप्रिल १९९७

चि. नेलिदास,
अ. आ.

मी आले होते. वर्तमानपत्रात पहिल्या प्रयोगाची जाहिरात पाहून सकाळच्या बसने आले, संध्याकाळच्या बसने परतले. आत भेटायला आले नाही, कारण तुझ्याभोवती गर्दी असेल आणि गर्दीत माझ्या तोंडाचा भरवसा नाही.

खुर्ची अरुंद होती, पुढच्या माणसाने टोपी काढली नाही, आणि पहिला अंक मला लांब वाटला. हे तुझ्या ओल्गीनबाईंना खुशाल सांग.

तू खोलीत अडकलीस ते मला सगळ्यांच्या आधी कळलं. ते वाक्य मला येत होतं. माझ्या ओठांवरच होतं. माझ्याही नकळत मी ते म्हणत होते, पुन्हा पुन्हा, जुन्या आवाजात, खालच्या पट्टीत, जसं काही तू अजून माझ्या काचेपलीकडे आहेस. शेजारी एक बाई होती, मांडीवर बाजाराची पिशवी, भाजीवाली असेल. तिने माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाली, 'बाई, गप्प बसा. तिला बोलू द्या.'

नन्सनंतर मला असं कुणी बोललेलं नाही. मी तिला चांगलं सुनावणार होते, शब्द तयार होते. तेवढ्यात तू उशी बडवलीस. ते कुठल्याच पानावर नव्हतं.

मी ओठ मिटले, आणि ते शेवटपर्यंत मिटलेलेच ठेवले.

लोभ होता, आहे. आता तो जरा लांबून करायला शिकते आहे, सांभाळून घे.
तुझी,
लेओकादिआ आत्या